सेंटरच्या हातात चेंडू पोचेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा होता: "ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर गेममध्ये मी जवळजवळ सगळे पैसे घालून एक तगडा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, घेतला. उंचीत संघात पहिला, रिंगजवळच्या शॉटमध्येही पहिला. तरी मॅचमागे त्याचे १२-१३ गुण होतात आणि त्याच्या निम्म्या किमतीचा, चेंडू पुढे आणणारा पॉइंट गार्ड २५ करतो. गेममध्ये काही गडबड आहे का? आणि खऱ्या बास्केटबॉलमध्येही, उंच माणूस रिंगच्या इतका जवळ असताना, गार्डच जास्त गुण का करतात? सेंटर विकून टाकू का?"

मी गेली बावीस वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतोय आणि असे मॅनेजर गेमही बरीच वर्षं खेळलोय. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. आधी एवढंच, की सेंटर आत्ता विकू नका. तो वाईट खेळतोय असं तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून अजिबात दिसत नाही. तुमचा गेम कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि प्रत्येक गेमचं इंजिन, म्हणजे मॅचमध्ये काय होणार ते ठरवणारा प्रोग्राम, निराळं असतं, म्हणून गेमबद्दलचं माझं उत्तर काही ठिकाणी "बघावं लागेल" असंच असेल. खेळाबद्दलचं मात्र खात्रीने सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे: जो रिंगजवळ, त्याला गुण सोपे. रिंगजवळचा शॉट सोपा असतो हे खरं. पण शॉट मारायला आधी चेंडू हातात यावा लागतो, आणि सेंटरच्या हातात तो आपणहून येत नाही. गार्ड स्वतःच चेंडू घेऊन येतो, त्याला कोणाची वाट बघायची नसते. सेंटरचा शॉट दुसऱ्या कोणीतरी दिलेल्या पासवर अवलंबून असतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

काही वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालच्या संघात माझ्याकडे सहा फूट चार इंचांचा एक मुलगा होता. आसपासच्या शाळांत त्याच्या खांद्याला लागेल असंही कोणी नव्हतं. पालक म्हणायचे, सर, याला चेंडू देत राहा, मॅच आपलीच आहे. एका मॅचला मी वहीत दोन रकाने आखले. बचाव करणाऱ्याला पाठीशी धरून, हात वर करून तो चेंडू मागत उभा राहिला की पहिल्या रकान्यात रेघ. चेंडू खरोखर त्याच्या हातात आला की दुसऱ्या रकान्यात. मॅच संपली तेव्हा पहिला रकाना पानाच्या तळापर्यंत गेला होता आणि दुसऱ्यात वरच्या वर मोजक्या रेघा होत्या. त्याचा शॉट त्या दिवशी छान पडत होता, आलेल्या चेंडूंपैकी बहुतेक त्याने आत टाकले. तरी आमच्याकडून सर्वाधिक गुण एका साडेपाच फुटी गार्डचे झाले.

त्या मॅचमधला एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. आमचा गार्ड उजव्या बाजूला थांबलेला, चेंडू दोन्ही हातांत. मुलाने आत चांगली जागा धरलेली. त्याला धरणारा खेळाडू अचानक त्याच्या पुढे आला, म्हणजे चेंडू आणि आपला माणूस यांच्या मधे. आता सरळ पासची वाट बंद. डोक्यावरून द्यावा तर डावीकडचा बचावपटू आधीच दोन पावलं आत सरकून मागे उभा. गार्डने एकदा वर द्यायची हूल दिली, एकदा टप्प्याची, आणि तेवढ्यात पंचांची शिट्टी: तीन सेकंद. मुलगा हात वर ठेवूनच वळून बघत होता. त्याची काहीच चूक नव्हती. जागा बरोबर, वेळ बरोबर, आणि पदरात एक व्हायोलेशन.

आत चेंडू पोचवणं किती अवघड आहे हे गॅलरीतून लक्षात येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत रिंगसमोरचा तो रंगवलेला पट्टा ४.९ मीटर रुंद असतो आणि हल्ला करणाऱ्याला त्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. बचाव करणाऱ्यावर आपल्याकडे अशी काही मर्यादा नाही. त्यामुळे शालेय आणि कॉलेजच्या मॅचेसमध्ये समोरचा संघ सरळ २-३ झोन लावतो (माणसाऐवजी जागा धरून बचाव, पुढे दोघे आणि मागे तिघे) आणि त्यातले मागचे तिघे आपल्या उंच माणसाभोवती गोळा होतात. एवढं करून चेंडू मिळालाच, तर दुसरा बचावपटू मागून हात घालायला येतो. मग शॉट मारायचा की बाहेर पास द्यायचा हे सेंटरला रिंगकडे पाठ करून, अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. गार्डला रिंग, बचाव आणि आपले चारही सोबती समोर दिसत असतात.

आता वरच्या पातळीवर बघू, कारण असे गेम लिहिणाऱ्यांची नजर बहुधा एनबीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगवर असते. एनबीएमध्ये एके काळी गुण म्हणजे उंच माणूस असंच समीकरण होतं. जॉर्ज मायकन या सेंटरमुळे १९५१ मध्ये रिंगसमोरचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट करावा लागला. विल्ट चेंबरलेन आला आणि १९६१-६२च्या मोसमात त्याने मॅचमागे सरासरी ५०.४ गुण केले. मग १९६४ मध्ये तोच पट्टा १६ फूट झाला. नियम करणाऱ्यांनी सेंटरला दोनदा रिंगपासून लांब ढकललं ते त्याला थांबवता येत नव्हतं म्हणूनच. करीम अब्दुल-जब्बारने ३८,३८७ गुण केले, त्यात थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) अख्ख्या कारकिर्दीत एकच, आणि हा विक्रम २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत टिकला. म्हणजे उंच माणूस गुण करूच शकत नाही असं नाही. त्याच्या आजूबाजूचा खेळ बदलत गेला.

१९७९-८०च्या मोसमात एनबीएने थ्री-पॉइंट लाइन आणली. त्या पहिल्या वर्षी एक संघ मॅचमागे तीनच्या आसपास थ्री मारायचा. २०२४-२५ मध्ये तो आकडा ३७ च्या वर गेला. मधल्या काळात आणखी दोन बदल झाले, आणि त्यांच्याबद्दल मला नेहमी वाटतं की लोक फार कमी बोलतात. २००१-०२ पासून झोन बचावाला परवानगी मिळाली. तोपर्यंत सेंटरच्या आसपास नुसतं घुटमळायला मनाई होती, डबल टीम करायची, म्हणजे दोघांनी मिळून त्याला धरायचं, तर उघड धावत जाऊन करावी लागायची आणि तेवढ्यात बाहेर कोणीतरी मोकळा व्हायचा. आता एक बचावपटू पुढे आणि एक मागे, अशी भिंत आधीच उभी करता येऊ लागली. मग २००४-०५ मध्ये बाहेरच्या खेळाडूला हाताने ढकलून, रोखून धरण्यावर पंचांनी कडक फाउल द्यायला सुरुवात केली. गार्डची वाट मोकळी झाली आणि सेंटरची अडली, तीही तीन वर्षांच्या अंतराने.

सर्वाधिक सरासरीच्या मानकऱ्यांची यादी बघितली तर हे चटकन दिसतं. १९९९-२००० मध्ये शकील ओनील २९.७ च्या सरासरीने पहिला आला. त्यानंतर २०२१-२२ मध्ये जोएल एम्बीड पहिला येईपर्यंत सलग २१ मोसम एकही सेंटर त्या जागी नव्हता. आयव्हरसन, मॅग्रेडी, कोबी ब्रायंट, वेड, ड्युरँट, वेस्टब्रुक, करी, हार्डन, सगळे बाहेरून खेळणारे. यातला आयव्हरसन तर सहा फूट उंचीचा, आणि तो चार वेळा पहिला.

थ्रीचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. बाहेरून शंभर थ्री मारले आणि ३६ पडले, जी एनबीएची साधारण सरासरी आहे, तर १०८ गुण. रिंगजवळून शंभर शॉट मारून तेवढेच गुण करायला ५४ पडायला हवेत. अगदी रिंगला चिकटून मारलेला लेअप किंवा डंक असेल तर ५४ काहीच नाही. पण पाठीवर माणूस घेऊन, सहा-आठ फुटांवरून वळून, डोळ्यांसमोर हात असताना मारलेला हुक? तो शंभरात ५४ वेळा टाकणारा सेंटर मी आमच्या पातळीवर अजून पाहिलेला नाही, आणि मोठ्या पातळीवरही असे थोडेच.

यात फ्री थ्रोचीही भर घाला. आत खेळणाऱ्याला फाउल जास्त मिळतात, म्हणजे रेषेवरून फुकटचे गुण जास्त मिळायला हवेत. पण ओनीलची कारकिर्दीतली फ्री थ्रोची टक्केवारी ५२.७ होती, चेंबरलेनची ५१ च्या आसपास. समोरचे संघ ओनीलवर मुद्दाम फाउल करायचे, कारण दोन फ्री थ्रोतून त्याला सरासरी एकच गुण मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गंमत बघा, चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला हर्शीमध्ये १०० गुण केले, त्या रात्री त्याने ३२ पैकी २८ फ्री थ्रो टाकले होते. आणि एम्बीडने २०२२-२३ मध्ये ३३.१ ची सरासरी काढली त्यातले १० गुण रेषेवरचे होते, ८५ टक्क्यांहून जास्त अचूकतेने. म्हणून माझ्याकडे उंच मूल आलं की मी पहिले सहा महिने पोस्टमधल्या, म्हणजे रिंगजवळच्या, हालचालींपेक्षा फ्री थ्रोवर जास्त वेळ घालवतो. पालकांना ते कंटाळवाणं वाटतं. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने सात फूट दोन इंचांच्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, भारतात जन्मलेला असा तो पहिलाच, त्यानंतर दोन-तीन वर्षं माझ्याकडे येणारे पालक मुलाच्या नावाआधी उंची सांगायचे. उंची हवीच. पण ती कोर्टवर वापरायला हात आणि डोकंही तेवढंच घडवावं लागतं.

फाउलचं दुसरं टोकही आहे. रिंगचं रक्षण करताना सेंटरच्याच नावावर फाउल चढतात. आपल्याकडे पाचव्या फाउलला बाहेर, एनबीएत सहाव्याला. पहिल्या क्वार्टरमध्येच दोन झाले की मी स्वतः त्याला बसवतो. गार्डवर ही वेळ क्वचित येते. शिवाय रिबाउंड, स्क्रीन (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवणं), प्रत्येक वेळी मागे धावत जाऊन रिंग झाकणं, या सगळ्या कामाचा दम गुणांच्या रकान्यात कुठे दिसत नाही.

आणि घड्याळ. एका चढाईत शॉट मारायला चोवीस सेकंद असतात; त्यातले शेवटचे चार उरले की चेंडू ज्याच्या हातात असेल त्याला काहीतरी मारावंच लागतं. तो बहुतेक वेळा गार्डच असतो. असे शॉट अवघड असतात, त्यांची टक्केवारी वाईट असते, पण संख्येने ते पुष्कळ असतात आणि त्यातून गार्डचे एकूण गुण फुगतात.

एक जोडी घेतो. २०२१-२२ मध्ये युटाचा सेंटर रुडी गोबेर याने ७१.३ टक्के शॉट टाकले, लीगमध्ये सर्वात जास्त. सरासरी गुण १५.६. त्याच वर्षी डॅलसचा गार्ड लुका डॉन्चिच याने ४५.७ टक्के टाकले आणि सरासरी २८.४. मग दोघांनी मारले किती? गोबेरने मॅचमागे ७.७ शॉट, डॉन्चिचने २१.६. गोबेरचा एकेक शॉट कितीतरी जास्त मोलाचा होता, पण तो तेवढेच मारू शकत होता जेवढे त्याला कोणीतरी तयार करून दिले. तुमचा सेंटर हा तुमचा गोबेर असण्याची शक्यता बरीच आहे.

एका दमात सांगायचं तर: चेंडू आधी गार्डकडे येतो, शेवटी पुन्हा त्याच्याचकडे जातो, त्याचा लांबचा शॉट तीन गुणांचा आहे, फ्री थ्रो तो बरे टाकतो आणि फाउलमुळे त्याला फारसं बसावं लागत नाही. सेंटरला यातलं प्रत्येक कोणाकडून तरी मिळवावं लागतं.

अपवाद आहेत आणि ते नीट बघण्यासारखे आहेत. निकोला योकिचने २०२४-२५ मध्ये २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्टची सरासरी काढली. तो सेंटर आहे, पण डेन्व्हरचा हल्ला त्याच्याच हातातून सुरू होतो, म्हणजे गार्डचं काम सेंटरच करतो. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमध्ये एजा विल्सनने २०२४ मध्ये २६.९ ची सरासरी काढून लीगचा विक्रम केला, तीही आत खेळणारी, पण तिचा मधल्या अंतराचा शॉट अचूक आहे, त्यामुळे तिला चेंडू रिंगखालीच मिळायला हवा असं नसतं. एम्बीडचंही तसंच. तेव्हा "उंच माणूस गुण करत नाही" असा नियम मी कोणाला सांगणार नाही. आत चेंडूची वाट बघणारा उंच माणूस आपल्या ताकदीएवढे गुण करत नाही, एवढं मात्र सांगेन.

आता तुमचा गेम. बहुतेक मॅनेजर गेममध्ये इंजिन प्रत्येक चढाईत आधी ठरवतं की चेंडू कोणाकडे, मग शॉट कोण मारणार, आणि शेवटी तो पडला का. तुम्ही पैसे मोजलेत ते शेवटच्या पायरीसाठी, म्हणजे रिंगजवळच्या कौशल्यासाठी. आधीच्या दोन पायऱ्यांवर वेगळेच आकडे चालतात. बास्केटबॉल जीएमचं उदाहरण घ्या. तिथे शॉट कोण मारणार हे "युसेज" नावाच्या एकत्रित आकड्यावर ठरतं. त्यात रिंगजवळचं कौशल्य आणि डंक धरलेले आहेतच, पण मधल्या अंतराचा शॉट, थ्री, वेग, ड्रिबल हेसुद्धा आहेत. फक्त आतलंच येणाऱ्या सेंटरची बेरीज तिथे कमी पडते आणि सगळं थोडं थोडं येणारा गार्ड पुढे जातो. बझरबीटरमध्ये इनसाइड शॉट, हँडलिंग, ड्रायव्हिंग, पासिंग ही कौशल्यं सुटी सुटी आहेत, आणि "लूक इनसाइड", "लो पोस्ट" अशा आत खेळायच्या पद्धती निवडता येतात. तुम्ही ती निवड कधी बदललीच नसेल तर संघ मधल्या धोरणाने खेळतोय. टू-के सारख्या हातात कंट्रोलर घेऊन खेळायच्या गेममध्ये तर कारण आपणच असतो: चेंडू गार्डकडे, आपलं बोट गार्डवर, क्वार्टर छोटा, आणि पोस्टमध्ये वळून मारण्यापेक्षा ड्रिबल करून मारायची मजा जास्त.

तेव्हा गडबड आहे असं मला वाटत नाही. आजच्या बास्केटबॉलसारखंच तुमचं इंजिन वागतंय.

करायचं काय ते सांगतो. आज पहिलं काम म्हणजे मागच्या दहा मॅचेसचा बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूंच्या आकड्यांचा तक्ता, उघडून गुणांचा रकाना झाकून ठेवा. सेंटरने मॅचमागे किती शॉट मारले ते बघा आणि गार्डने किती. माझा अंदाज, सेंटरचे आठ-नऊ आणि गार्डचे वीसच्या पुढे निघतील. मग एकेका शॉटमागे किती गुण पडतात ते काढा. सेंटर तिथे पुढे असेल तर माणूस चांगला आहे, त्याच्यापर्यंतचा रस्ता खराब आहे.

रस्ता दुरुस्त करायला सेंटरला हात लावायची गरज नाही. गार्ड बदला, किंवा त्याला पासिंग शिकवा. पंचवीस गुण करणारा गार्ड बऱ्याचदा स्वतः शॉट मारण्यात तरबेज आणि पास देण्यात बेताचा असतो. त्याच्या जागी पासिंग चांगलं आणि शॉट साधारण असलेला, स्वस्तातला गार्ड आणून बघा. त्याच्यासोबत एक-दोन जण तरी थ्री टाकणारे ठेवा, नाहीतर समोरचा संघ आतच गर्दी करेल. बचाव आत किती जमतो हे काही इंजिनं मोजतात, काही मोजत नाहीत, ते तुमच्या गेमच्या नियमावलीत बघावं लागेल. आत खेळायची पद्धत असेल तर ती लावा. सेंटरला पुढचं प्रशिक्षण रिंगजवळच्या शॉटचं देऊ नका, तो आधीच पहिला आहे. त्याला फ्री थ्रो द्या, आणि गेममध्ये सोय असेल तर हँडलिंग.

माझ्या त्या सहा फूट चार इंचवाल्या मुलाचं पुढच्या मोसमात आम्ही हेच केलं. त्याला रिंगखालून काढून फ्री थ्रो रेषेच्या मधोमध उभं केलं, झोनच्या पोटात. तिथे गार्डचा पास सरळ छातीवर यायचा, मधे कोणी येऊ शकत नव्हतं, आणि चेंडू घेऊन वळला की रिंग आणि दोन्ही कोपरे त्याला समोर दिसायचे. दोन्ही गार्डना मी महिनाभर रोज शंभर टप्प्याचे पास द्यायला लावले. त्याचे गुण वाढले, पण फार नाही. वाढले ते कोपऱ्यांत उभ्या असलेल्या दोन बुटक्या पोरांचे, कारण झोन त्याच्यावर मिटला की तो चेंडू त्यांच्याकडे फेकायचा. वहीतला दुसरा रकाना मात्र पहिल्याच्या जवळपास आला.

तुम्हीही बदल करून दहा मॅचेस खेळा. सेंटरचे शॉट आठावरून तेरा-चौदावर गेले आणि शॉटमागचे गुण टिकले, तर त्याचे एकूण १८ झाले काय किंवा २० झाले काय, त्याला ठेवा. शॉट वाढले आणि शॉटमागचे गुण गार्डच्याही खाली घसरले, तर तो मोजक्याच चेंडूंवर चालणारा खेळाडू आहे. मग तो विकायला हरकत नाही, फक्त वय वाढून किंमत उतरायच्या आत विका.